पायली, मापटं आणि कोरी वही

आमच्या गावात नळाला आठ दिवसाला पाणी येतं, उन्हाळ्यात कधी कधी बारा दिवसाला. हे आधीच सांगून ठेवते कारण पुढचं सगळं त्याच्यामुळंच झालं. मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बालवाडीत शिकवते, तीन ते सहा वर्षांची लेकरं, दोन खोल्या, पुढं पत्र्याचं शेड आणि एक लिंबाचं झाड. ट्रेनिंगला असताना आम्हाला पाणी ओतायचा खेळ शिकवला होता, या भांड्यातून त्या भांड्यात, न सांडता. मनगट वळतं, डोळा आणि हात एकमेकाला धरून चालायला शिकतात वगैरे. मला तो लई आवडला होता. पण मार्च महिन्यात, ज्या लेकराची आई पहाटे चारला उठून टँकरसाठी नंबराला घागरी लावती, त्या लेकराच्या हातात पाण्याचा जग देऊन "सांडू दे बाळा, काही होत नाही" म्हणायला माझी जीभ रेटेना.

मग ज्वारी आणली. ज्वारी सांडली तर गोळा करता येती, आणि गोळा करणं हा पुन्हा दुसरा खेळ. सुरुवातीला वाट्या, पेले, चहाचे कप असंच चालू होतं. नंतर माहेरी गेले तर माळ्यावर आजीची मापं सापडली, गंजलेली, कोळ्याची जाळी झालेली, पण शाबूत. पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं. चिपट्याहून बारकं कोळवं तेवढं कुठं गेलं कुणालाच माहीत नाही. भाऊ म्हणला भंगारवाल्याला देणार होतो, ने तुला पाहिजेत तर.

ज्यांना ही मापं माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, यातली गंमत अशी की दोन चिपटी ओतली की एक मापटं भरतं, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. म्हणजे प्रत्येक माप आधीच्याच्या बरोब्बर डबल. मला हे पाठ होतं लहानपणापासून पण लेकरांच्या हातात मापं पडेपर्यंत त्याच्यात काही विशेष आहे असं वाटलंच नव्हतं. माँटेसरी बाईंनी १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या लेकरांसाठी पहिलं बालगृह काढलं, त्यांच्या साहित्याची खुबी हीच सांगतात की लेकरू चुकलं तर ते साहित्यच त्याला सांगतं, बाईंनी मधी तोंड घालायची गरज नाही. त्यांच्या लाकडी ठोकळ्यातला जाडा दट्ट्या बारीक भोकात जातच नाही. आता चिपटं घेऊन मापटं भरायला बसलेलं लेकरू बघा, तिसरं चिपटं ओतलं की ज्वारी भळाभळा खाली. मी कशाला काय बोलू.

भांडणं मात्र झाली. एकाचं मापटं शीग लावून भरलेलं, दुसऱ्याचं सपाट, आणि दोघं म्हणायलेत माझंच बरोबर. तेवढ्यात साडेचार वर्षांची एक पोरगी उठली आणि तळहाताच्या कडेनं सर्रकन शीग पाडली. "आता बघा." अशी ऐटीत बसली परत की जणू मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडतीवर जन्म गेलाय. कुठं पाहिलं विचारलं तर म्हणे आजी पीठ मोजती तवा.

दुसरं एक करून बघितलं, लेकरांची विचारशक्ती कशी वाढती ते शोधणाऱ्या पियाजे नावाच्या शास्त्रज्ञाचं हे जुनं प्रसिद्ध आहे, डी.एड. केलेल्यांना आठवत असेल. दोन मापटी ज्वारी सगळ्यांदेखत सारखी भरली, एक पसरट ताटात ओतली, एक उंच निमुळत्या काचेच्या बरणीत. कशात जास्त? सगळे ओरडले बरणीत! साधारण सहा-सात वर्षांच्या आतलं लेकरू उंची बघून फसतं, आणि तुम्ही कितीबी समजावून सांगा, त्याला ते पटत नाही, मान डोलावतं फक्त. मी समजवायच्या फंदात पडलेच नाही. पण मागच्या महिन्यात एकजण बरणीकडं बराच वेळ बघून म्हणला, "मापट्यात वापस वता ना मॅडम, बघू." वतून बघितलं. सारखीच. तरीबी त्याच्या तोंडावरून पूर्ण पटलेलं दिसत नव्हतं, पण वापस वतून बघावं हे त्याला सुचलं ना.

आता वहीचं. दिवाळीच्या आधी पालकांची मीटिंग होती आणि सगळ्यांच्या हातात आपापल्या लेकराची वही, बहुतेक कोरी. चार रेघोट्या, दोन गोल, कुठं अंगठ्याचा ठसा. एक बाप म्हणला, "मॅडम, शेजारचं पोरगं शंभरपर्यंत लिहायलंय आन् आमचं ज्वारी वतायलंय." सगळे हसले, मीबी हसले, पण आतून लागलंच. मी मनगटाच्या हाडांचं सांगितलं, की मनगटात आठ बारकी हाडं असतात आणि जन्मताना ती हाडं नसतातच मुळी, कुर्चा असती, ती हळूहळू वर्षानुवर्षं पक्की होत जातात, म्हणून आधी माती मळू द्या, चिंचोके चिमटीत उचलू द्या, पेन्सिल काय पळून जाती का. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा एकच टप्पा धरलाय आणि त्यात खेळ आणि कृतीच सांगितलीय, हेबी सांगितलं. धोरणाचं नाव काढलं की लोक मोबाईल काढतात, तसंच झालं.

खरं सांगायचं तर मला हे बोलायचा फारसा अधिकार नाही. माझ्या थोरल्याला मी चौथ्या वर्षी रोज दोन-दोन पानं लिहायला बसवायचे, तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं आणि जावेचा पोरगा लिहायचा म्हणून मला घाई. तो आता सातवीत आहे, अजून पेन मुठीत आवळून धरतो आणि अर्धा पेपर झाला की हात झटकत बसतो. लिहिण्यामुळंच झालं असं छातीठोक नाही म्हणत, पण त्याला हात झटकताना बघितलं की मला ती पानं आठवतात.

तर मीटिंगमध्ये मागं एक आजी बसल्या होत्या, नातवाला सोडायला आणायला त्याच येतात. इतका वेळ गप्प होत्या. शेवटी म्हणल्या, "माय, हे निवडणं, वतणं, मोजणं तर आमच्या घरी बी हाय. मग फीस कशाची घेता?"

मला दोन मिनिटं काही सुचेना. कारण बाई बरोबरच बोलत होती. बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डी गावात बालवाडी लोकांच्या अंगणातच नेली होती, अंगणवाडी हा शब्दच तिथला, सरकारची योजना आली ती १९७५ ला. महागडं साहित्य घेण्यापेक्षा शंख-शिंपले, बिया, खडे यांच्यावर भागवायचं, हे त्यांनीच करून दाखवलंय. मग मी आजीला कोणत्या तोंडानं काय सांगणार. मी नुसतं विचारलं, आजी, घरी मापाला हात लावू देता का त्याला?

"कसं लावू देणार, सांडतंय की सगळं!"

मघाचा तो बाप आता सगळ्यात मोठ्यानं हसला. आजी बी हसल्या, पण फीसचा मुद्दा त्यांनी सोडला नाही, पन्नास रुपये कमी करायला लावलेच.

सगळं गोड गोड चाललंय असं समजू नका. जुलैमध्ये एका बारक्यानं नाकात हरभरा घातला. हरभरा ओलाव्यानं फुगतो, जितका वेळ जाईल तितका घट्ट बसतो, त्यामुळं पिन, चिमटा, पाणी असलं काही न करता तसंच त्याला मांडीवर घेऊन ऑटोनं डॉक्टरकडं पळाले. निघाला सुखरूप, पण पूर्ण रस्ताभर मी देवाचं नाव घेत होते आणि त्याची आई मला एक शब्द बोलली नाही, शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. तेव्हापासून लहान गटाला दाणे बंद, त्यांना कणीक आणि माती. मोठ्या गटाला ज्वारी, आणि ज्वारी बाहेर असली की मी तिथंच बसते, फोन सुद्धा उचलत नाही.

माती म्हणजे पोळ्याला बैल केले ना, आमची काळी माती ओली असताना लोण्यासारखी आणि वाळली की तडकून दोन तुकडे. अर्ध्या बैलांची शिंगं गेली, रडारड. एकानं दुसऱ्या दिवशी घरून मूठभर भुस्सा आणला, आजोबा भिंत लिंपताना मातीत घालतात म्हणे. त्याचा बैल अजून खिडकीत उभा आहे.

आता ज्वारीला सोंडे, म्हणजे धान्यातले किडे, लागलेत. टाकून देणार होते, तर कालपासून मापं तशीच पडलीत आणि सगळी लेकरं उन्हात चादरीवर पसरलेल्या ज्वारीभोवती पालथी पडून सोंडे मोजायलीत. एकजण म्हणतो सतरा, दुसरा म्हणतो एकोणीस, आणि सोंडे काही एका जागी थांबायला तयार नाहीत.