ग्रंथपालाची स्थाननिश्चिती : माझा अनुभव

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात, मी जुलै 2017 मध्ये ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण होते, पीएच.डी. नव्हती; त्यामुळे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे वेतनाच्या शैक्षणिक स्तर 10 मधून 11 मध्ये जाण्यासाठी, म्हणजे स्थाननिश्चितीसाठी, मला सहा वर्षांची सेवा आवश्यक होती. 21 दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि ग्रंथालय संगणकीकरणावरची पाच दिवसांची कार्यशाळा आधीच झाली होती. तेव्हा जुलै 2023 मध्ये फाइल सादर केली की काम झाले, अशा समजुतीत मी होते.

पहिली अडचण अर्जाच्या नमुन्यातच निघाली. आमच्या कार्यालयात कॅसचा (करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे या बढतीच्या योजनेचा) जो छापील नमुना होता तो प्राध्यापकांचा होता. त्यात आठवड्याच्या तासिका, शिकवलेले विषय, परीक्षेचे निकाल असे रकाने होते आणि मी अकरा ठिकाणी ‘लागू नाही’ असे लिहिले. मुख्य लिपिक म्हणाले, “मॅडम, एवढं ‘लागू नाही’ लिहिलंत तर त्रुटी निघणार बघा.” तसेच झाले. महिन्याभराने फाइल वरून परत आली आणि तिच्यावर शेरा होता : कार्यभाराचे प्रमाणपत्र जोडलेले नाही.

हा शेरा लिहिणाऱ्याचा दोष मी फार मानत नाही, कारण आमचे पदच असे दोन पाटांवर बसलेले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मधील ‘शिक्षक’ या संज्ञेच्या व्याख्येत ग्रंथपालाचा समावेश आहे. ग्रंथालय कर्मचाऱ्यांचा दर्जा आणि वेतन अध्यापकांच्या बरोबरीचे असावे, ही शिफारस तर ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली आयोगाने 1957 साली नेमलेल्या समितीची आहे. प्रत्यक्षात मात्र उन्हाळ्यात स्टाफरूमला कुलूप लागते तेव्हा ग्रंथालय उघडे असते. मी अधिनियमातील व्याख्या आणि आयोगाच्या नियमांतील ग्रंथपालांसाठीचा स्वतंत्र तक्ता, दोन्हींच्या प्रती जोडून फाइल पुन्हा पाठवली.

त्या तक्त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. त्यात ग्रंथालयातील उपस्थिती पाहिली जाते. नव्वद टक्के किंवा अधिक असेल तर ‘चांगली’. त्याखेरीज इतर कोणत्याही दोन निकषांवर किमान ‘समाधानकारक’ शेरा मिळावा लागतो, पण त्या दोहोंत ग्रंथपडताळणीचा निकष असलाच पाहिजे. हरवलेली पुस्तके अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी असतील तर ‘चांगले’, एक टक्क्यापेक्षा कमी असतील तर ‘समाधानकारक’ आणि त्याहून जास्त असतील तर ग्रंथपाल नापास.

जून 2022 मध्ये मी ग्रंथालयात मुक्तद्वार पद्धत सुरू केली होती. तोवर मुले खिडकीतून चिठ्ठी देत आणि शिपाई मामा आतून पुस्तक आणून देत. चिठ्ठीवर नाव चुकले की पुस्तक ‘नाही’ ठरत असे. कपाटे उघडल्यावर मुले तासन्‌तास त्यांच्यासमोर उभी राहू लागली आणि पुस्तके हरवूही लागली. दोन्ही गोष्टी एकाच कारणाने घडत होत्या. कुलूपबंद कपाटांच्या ग्रंथपालाला हा तक्ता ‘चांगले’ म्हणतो आणि वाचकाला आत घेणाऱ्याला धोक्यात घालतो, हे माझे मत आजही बदललेले नाही. केंद्र सरकारचे 2017 चे सामान्य वित्तीय नियम या बाबतीत अधिक समंजस वाटतात. तेथे हजारी पाच पुस्तकांची हानी वाजवी मानली आहे, पण ते हजार एकूण संग्रहातले नसून वर्षभरात दिल्या-घेतलेल्या किंवा वाचलेल्या पुस्तकांमधले आहेत.

फाइलसाठीची पडताळणी आम्ही एप्रिल-मे 2023 मध्ये एकोणीस दिवसांत केली होती. मामा एकेक पुस्तक काढून देत, मी बारकोडवर स्कॅनर धरत असे, आणि ज्या जुन्या पुस्तकांना बारकोड नव्हता त्यांचा दाखल अंक ग्रंथालय लिपिक मोठ्याने वाचून नोंदवहीत खूण करत. एकूण 31,460 ग्रंथांपैकी पहिल्या फेरीत 211 सापडले नाहीत. मग शोध सुरू झाला. बांधणीला गेलेल्या गठ्ठ्याची पावती टेबलाच्या खणात होती, त्यात 23 पुस्तके निघाली. विभागांच्या कपाटांतून 31 आली. इतिहासाच्या शेवटच्या कपाटामागे भिंतीला ओल होती. तिथे पडलेली नऊ पुस्तके मामांनी झाडूच्या दांड्याने ओढून काढली. त्यांतल्या एकाची तारखेची चिठ्ठी ओलीने मलपृष्ठाला अशी चिकटली होती की शेवटची तारीख वाचता येईना. उरली 148, म्हणजे 0.47 टक्के. दहा पुस्तके कमी सापडली असती तर या निकषावरचा माझा शेरा बदलला असता.

माझी फाइल तपासणाऱ्या पडताळणी समितीसमोर दहा मिनिटे चर्चा झाली. एका सदस्यांनी दाराशी सुरक्षारक्षक का नाही, असे विचारले. तज्ज्ञ म्हणून आलेले गृहस्थ स्वतः एका महाविद्यालयाचे ग्रंथपाल होते, त्यांनी आकड्याकडे पाहिलेही नाही आणि विचारले, “हरवलेली पुस्तकं कोणत्या विषयांची आहेत?” निम्म्याहून अधिक स्पर्धा परीक्षांची होती. “मग त्यांची एकेक प्रत काउंटरवर संदर्भासाठी ठेवा आणि बाकीची कपाटं उघडीच राहू द्या,” असे ते म्हणाले. सहा वर्षांत माझ्या कामाविषयी मला विचारला गेलेला हा पहिला व्यावसायिक प्रश्न होता. आमचे मूल्यमापन आमच्याच व्यवसायातल्या माणसाने का करावे, हे मला त्या दिवशी पटले.

दरम्यान महाविद्यालय विकास समितीची निवडणूक आली. विद्यापीठ अधिनियमाच्या कलम 97 प्रमाणे तीन अध्यापक प्रतिनिधी पूर्णवेळ अध्यापकांतून आणि एक प्रतिनिधी शिक्षकेतरांतून निवडला जातो. माझे नाव दुसऱ्या यादीत होते. तीच व्याख्या जोडून प्राचार्यांना अर्ज दिला. त्यांनी त्याच दुपारी यादी दुरुस्त केली.

स्थाननिश्चितीचे पत्र फेब्रुवारी 2024 मध्ये आले. फरकाची रक्कम जमा व्हायला आणखी पाच महिने लागले. त्या 148 पुस्तकांच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव मी ग्रंथालय समितीपुढे ठेवला आहे आणि कारणाच्या रकान्यात ‘मुक्तद्वार पद्धत’ असे लिहिले आहे. समितीला ते कारण मान्य नाही. पुढची बैठक परीक्षेनंतर आहे.