पद्मिनी स्टँडवर, झेड-९०० रस्त्यावर : बेंगळुरू ते पुणे

जुनी गाडी गॅरेजात उघडून पडली आहे आणि डोक्यात मात्र मोठी बाइक फिरते आहे, अशा मंडळींसाठी हे लिहितोय. सेकंडहँड कावासाकी झेड-९०० बेंगळुरूत जाऊन बघितली, पटली, घेतली आणि चालवत पुण्याला आणली. दिवाळीनंतरचे दिवस, मुक्काम हुबळीला. याच मार्गाने कुणी बाइक आणणार असेल तर पुढचं उपयोगी पडेल.

आधी गाडीचं सांगतो, कारण बाइक कशी निवडायची हे मला तिनेच शिकवलं. आमची प्रीमियर पद्मिनी १९८६ची, वडिलांनी घेतलेली. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००, कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुदत संपून रस्त्यावरून उतरली. इंजिनाचं काही अडत नाही. १०८९ सीसीचं साधं इंजिन, सिलिंडर बोअर करून देणारे आहेत, रिंग-पिस्टन हुडकले की मिळतात. घोडं पेंड खातं ते पत्र्यापाशी. मॅट उचलली तर ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बोटाने दाबल्यावर पापडासारखा मोडला आणि खाली गॅरेजची फरशी दिसली. फ्लोअर नवा घातला तर दारं बसेनात. दारं बसेपर्यंत पाऊस लागला. ‘साहेब, या हवेत रंग मारला तर पांढरा पडेल,’ हे डेंटरचं, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्याचं, म्हणणं खोटं नव्हतं, दमट हवेत लॅकर खरंच पांढुरकं होतं. पाऊस गेला तोवर त्याच्याकडे विम्याच्या कामांची रांग लागली. रोकड देणारं काम आधी, हौसेचं काम नंतर. त्याच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं.

या काळात एक वाक्य इतक्यांदा ऐकलं की त्याची धास्तीच बसली : ‘एवढं झालं की गाडी तयार.’ बाइक शोधताना मी एवढाच नियम ठेवला. विकणारा असं काही म्हणाला की चहा प्यायचा आणि उठायचं. ‘फक्त चेनसेट बदला’, ‘फक्त एनओसी (आरटीओची ना-हरकत) काढायची बाकी आहे’, ‘नुसता फोर्कचा (पुढच्या शॉकअपचा) सील गेलाय’. वेगळं वेगळं ऐकलं तर किरकोळ, पण माझ्या घरी एक अर्धवट काम आधीच होतं. स्वप्न हवं तर रस्त्यावर धावणारंच हवं, हे ठरलेलं.

झेड-९०० का? चार सिलिंडर, ९४८ सीसी, १२५ पीएस (म्हणजे जवळपास तेवढीच हॉर्सपॉवर), आणि तरीही वजन २१२ किलो. २०२०पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) मॉडेलला ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा, आणि रायडिंग मोड आले. पहिल्यांदाच एवढी ताकद हाताळणाऱ्याने त्याच्या आधीची घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पाऊस लागला की ‘रेन’ मोडवर टाकायची, थ्रॉटल मवाळ होतो. बाकी तिचा आवाज वरच्या आरपीएमला कसा बदलतो ते लिहून सांगता येत नाही, आणि ज्याने ऐकलाय त्याला सांगावं लागत नाही.

बघायला गेलो ती एका सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये होती. मालकाला आदल्या दिवशी फोनवर एकच विनंती केली होती : मी येईपर्यंत चालू करू नका. इंजिन थंड असताना सुरू होताना जे आवाज करतं ते गरम झाल्यावर लपतं. आधी सिलिंडरला हात लावला, गार होतं. मग बाकीचं. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मानेपाशी जिथे ते अडतं तो स्टॉप बघा. तिथला रंग उडाला असेल किंवा धातू चेपला असेल तर बाइक जोरात पडलेली आहे, मग लिव्हर आणि आरसे कितीही नवे असोत. फोर्कच्या नळ्यांवरून नख फिरवा, खड्डा लागला तर सील टिकणार नाहीत. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. नक्षी भरपूर आहे म्हणून जुना टायर चालतो असं नाही, रबर कडक झालेलं असतं, आणि या मापाचे चांगले टायर घ्यायचे तर जोडीला हजारांत बरेच मोजावे लागतात. ते किमतीतून तिथेच वजा करा. चेन स्टँडवर हाताने फिरवली की एका जागी ताणलेली, दुसरीकडे सैल, असं होता कामा नये. आफ्टरमार्केट सायलेन्सर असेल तर मूळचा सोबत मागा. पोलीस चौकीवर आणि आरटीओत तोच कामाला येतो. दोन्ही किल्ल्या मागा. चासी नंबर आरसीशी आकडा-आकडा जुळवा, फोटोवर विसंबू नका.

माझ्या बाइकमध्ये निघालं ते एवढंच : मागचा टायर जुना, आणि एका फूटपेगचं टोक घासलेलं. मालक म्हणाला, पार्किंगमध्ये स्टँडवरून कलली होती. स्टॉप स्वच्छ होता, त्यामुळे पटलं.

आता कागद. बाइकची खरी परीक्षा इथे असते. परिवहनच्या साइटवर आरसी, विमा, पीयूसी आणि थकलेले चलान घरबसल्या दिसतात. ते बघूनच प्रवासाचं तिकीट काढा. कर्ज असेल तर बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५ (आरसीवरून कर्जाचा बोजा उतरवण्याचा) झालेला हवा. मालकाच्या सह्या मालकी बदलाच्या फॉर्मांवर, म्हणजे फॉर्म २९च्या दोन प्रतींवर आणि फॉर्म ३०वर, आणि राज्य बदलत असल्यामुळे फॉर्म २८, म्हणजे एनओसी. एनओसी हातात पडेपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवा आणि तसं दोघांच्या सहीने लिहून घ्या. पैसे बँकेतूनच. ताबा घेतल्याची पावती करा, त्यावर तारीख आणि घड्याळातली वेळ दोन्ही घाला. त्या मिनिटाआधीचं चलान जुन्या मालकाचं, नंतरचं तुमचं.

विम्याबद्दल बरेच जण गाफील असतात. थर्ड पार्टी विमा बाइकबरोबर तुमच्याकडे येतो, पण स्वतःच्या बाइकच्या नुकसानीचं तसं नाही. पॉलिसी नावावर करायला १४ दिवसांत अर्ज करायचा असतो, आणि नो-क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट) जुन्या मालकाचाच राहतो. म्हणजे घरी आणताना बाइक पडली तर खर्च बहुधा तुमच्याच खिशातून. शक्य असेल तर निघण्याआधीच हे काम उरका.

निघायचं ते उजाडता-उजाडता. पीन्या आणि नेलमंगलाची गर्दी सुरू होण्याआधी शहराबाहेर पडलात तर अर्धी लढाई जिंकलीत, कारण संथ ट्रॅफिकमध्ये ही बाइक मांड्या भाजते. तुमकुरूनंतर रस्ता मोकळा होतो. आणि तिथेच मोह होतो. कायद्याने दुचाकीला चौपदरी हायवेवर ताशी ८० किमीची मर्यादा आहे. तिसऱ्या गिअरमध्येही ती कधी ओलांडली जाते ते कळत नाही. एक सल्ला : पहिले दोनशे किलोमीटर वेग विसरा, ब्रेक शिका. अनोळखी बाइकचा पुढचा ब्रेक किती दाबला की किती लागतो, हे रिकाम्या रस्त्यावर समजलेलं बरं. हायवेवर उलट्या बाजूने येणारे ट्रॅक्टर आणि दुभाजक ओलांडणारी माणसं तुमच्या १२५ पीएसची वाट बघत नाहीत.

चित्रदुर्गाच्या आसपास डोंगरांवर पवनचक्क्या दिसायला लागल्या की हँडल सैल धरा. त्या उगाच तिथे नाहीत. आडवा वारा बाइकला ढकलतो, आणि पुढे काच नसलेल्या बाइकवर छातीवरचा वारा वेगळाच. घट्ट आवळून धरलं तर बाइक जास्त डुलते. गुडघ्यांनी टाकी पकडा, हात ढिले. टाकी १७ लिटरची आहे, हायवेवर साधारण अडीचशे किलोमीटरला पंप शोधायचा असं मी धरून चाललो. कंबरेलाही तेवढीच विश्रांती लागते. दावणगेरेला बायपासवरून आत वळायचा कंटाळा करू नका. तिथला बेण्णे डोसा, लोण्यात भिजलेला, दोन खाल्ल्यावर हेल्मेट घालायची इच्छा उरत नाही. तेव्हा एकच खा.

सामान मागच्या सीटवर बांधायचं असेल तर लक्षात ठेवा, सीट इवलीशी आहे आणि बंजी दोरी सुटून चाकात गेली तर संपलंच. पट्ट्यांची टेल बॅग घ्या. मी पाठीवर सॅक घेतलेली दोन माणसं हुबळीला खांदे चोळत बसलेली पाहिली.

हुबळी-धारवाड बायपास अरुंद म्हणून बदनाम आहे, रुंदीकरणात वळणंही बदलत असतात. अंधारात तिथे जाऊ नका. बेळगावच्या पुढे रस्ता छान लागतो. निपाणीजवळचा तवंदी घाट छोटासाच, पण पहिल्यांदा बाइक वळणात घालून बघायला उत्तम. कागलला महाराष्ट्र लागला आणि पाटी वाचून उगाच बरं वाटलं. हायवेच्या टोलनाक्यांवर दुचाकीला पैसे नाहीत, डावीकडच्या लेनने निघायचं.

कोल्हापूर ते सातारा हा पट्टा मात्र सगळ्यात थकवणारा निघाला. सहापदरीकरणाचे वळसे, एकदम संपणारं डांबर, खडी. १८० मिमी रुंदीचा मागचा टायर खडीवर घसरतो तेव्हा थ्रॉटल झटक्यात बंद करायचा नाही, तसाच धरून सरळ जायचं. साताऱ्याकडून येताना खंबाटकीचा बोगदा लागतो. त्यातून बाहेर पडल्यावर उतार आणि इंग्रजी एस आकाराचं वळण. तिथे आजवर कितीतरी वाहनं उलटली आहेत. बोगद्यातच वेग कमी करा आणि ट्रकच्या बाजूला राहू नका.

पुण्यात आल्यावर काम संपत नाही. मालकी बदलाचं घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. नव्या राज्याच्या नंबरसाठी कायदा बारा महिने देतो, पण तेवढा वेळ कर न भरता फिरता येतं असा अर्थ कुणी काढू नये. महाराष्ट्राचा कर बाइकच्या किमतीवर आणि वयावर ठरतो, आणि या वर्गातल्या बाइकला ती रक्कम एखाद्या स्कूटरएवढी होऊ शकते. बाइकच्या किमतीत हा आकडा धरूनच सौदा करा. कर्नाटकातल्या उरलेल्या कराचा परतावा मागायचा असेल तर तिथल्या आरटीओत अर्ज लागतो, म्हणून जुन्या मालकाशी गोड बोलून ठेवा.

राहता राहिली पद्मिनी. तिच्या रंगाचे आणि क्रोमचे पैसे मी वेगळ्या खात्यात ठेवलेत, बाइकसाठी त्याला हात लावला नाही. दोन हौशी एकाच पिशवीतून चालवल्या तर जुनी गाडी भंगारात जाते, असं दोन ओळखीच्यांच्या घरी पाहिलंय. नोंदणीच्या नूतनीकरणाचंही बघायचंय, वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी आता बरीच वाढली आहे. डेंटरकडे परवा बाइक घेऊनच गेलो. त्याने हातातलं काम टाकलं, बाइकभोवती दोन चकरा मारल्या, एक्झॉस्टपाशी वाकून बघितलं आणि म्हणाला, ‘दारं सोमवारी बसवू.’ कुठला सोमवार, ते विचारायचं राहिलं.