चेन्स्तोहोवाची सावळी माता

पोलंडमधल्या बाकीच्या दिवसांबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. वॉर्सा बघितलं, क्राकूव बघितलं, दोन्ही सुंदर. पण मन अजून अडकलंय ते चेन्स्तोहोवाच्या यास्ना गुरा मठात.

तिथे पहाटे मेरी मातेचं चित्र उघडतात. सहाच्या आधी पोहोचलो तरी चॅपलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चित्र चांदीच्या पडद्याआड. एकदम तुताऱ्या आणि नगारे सुरू झाले, पडदा सावकाश वर सरकू लागला आणि सगळी गर्दी गुडघ्यांवर आली. आम्हीही बसलो. सावळा, लांबट चेहरा, डाव्या हातावर बाळ येशू आणि मातेच्या उजव्या गालावर तलवारीचे व्रण. 1430 मध्ये मठावर दरोडा पडला, तेव्हाचे. नंतर चित्राची दुरुस्ती झाली, पण व्रण तसेच दिसू दिले. मला हे फार थोर वाटतं. 1717 मध्ये पोपने पाठवलेले मुकुट चढले, रत्नजडित वस्त्रं आली, तरी लोक बघतात तो तो गालच.

वेदीच्या मागून गुडघ्यांवर सरकत प्रदक्षिणा घालतात. माझ्यापुढे एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. दगडी फरशीवर इंच इंच सरकत होत्या, ओठांवर प्रार्थना. मागून कुणीतरी मोबाइल उंच धरून त्यांचं चित्रीकरण करत होतं, त्याचा मला भयंकर राग आला. भिंतींवर कुबड्या टांगलेल्या आहेत, बऱ्या झालेल्यांनी सोडून गेलेल्या. त्यांच्याकडे बघूनही कुणाला मोबाइल खिशात ठेवावासा वाटू नये?

वॉर्साहून 1711 पासून दर ऑगस्टमध्ये लोक इथे चालत येतात, नऊ दिवस, आपल्या वारीसारखेच. आणि आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे वळिवडे आठवणारच. दुसऱ्या महायुद्धात घरदार तुटलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यात बायका-मुलंच जास्त, 1943 ते 1948 तिथल्या छावणीत राहिले. पंचगंगेच्या काठी बसून त्या बायकांनी याच मातेला हाका मारल्या असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. वळिवड्याला मी लहानपणापासून कितीदा गेले, पण त्या कुणाकडे काय मागत असतील हे मला कळलं ते इथे येऊन.

जाणार असाल तर मुक्काम चेन्स्तोहोवातच करा. क्राकूवहून सकाळची गाडी पकडून आलात तर पहाटेचा पडदा उघडण्याचा सोहळा हुकेल, आणि तो हुकवून तिथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.