तिसरं बटण

बटण दाबलं की खट् असा आवाज यायलाच हवा, हे माझं फार जुनं मत आहे. हल्लीची बटणं नुसती आत जातात, आणि मग आपलं म्हणणं पोचलं की नाही ते बघत उभं राहायचं.

भाच्याने शनिवारी लॅमिंग्टन रोडवर दुकानं पालथी घालून पीसीचे पार्ट घेतले, ग्रँट रोडहून स्लो पकडून कॅबिनेटचा खोका कसाबसा गोरेगावला आणला, रविवारी दुपारी डायनिंग टेबलवर सगळं जोडलं आणि बटण दाबलं. ढिम्म. फॅन नाही, बीप नाही, काही नाही. मदरबोर्डवर एक बारकासा लाइट मात्र पेटलेला, म्हणजे वीज दारापर्यंत आलीय पण आत यायला तयार नाही.

ताई किचनमधूनच, "अरे, मागचा स्विच चालू केलात का?"

हा प्रश्न आमच्याकडे पिढीजात आहे. गिरगावच्या चाळीत लाइट गेले की सगळे आधी गॅलरीत, समोरच्यांचे गेलेत का बघायला. सगळ्यांचे गेले असले की काय बरं वाटायचं! आपलेच गेले असतील तर बाबा टेस्टर घेऊन जिन्याखालच्या मीटरपाशी आणि मागे मी मेणबत्ती धरून, मेण अंगठ्यावर ओघळतंय पण हलायचं नाही, आणि बाबा तो चिनीमातीचा फ्यूज उपटून त्यात तार गुंडाळणार, तीही दुहेरी, कारण एकेरी टिकत नाही म्हणे (ती वितळावी म्हणूनच असते, पण बाबांना कोण सांगणार). आमच्या स्विचबोर्डावरच्या तिसऱ्या बटणाने तर काहीच लागायचं नाही. पाहुणे हटकून तेच दाबायचे. मग आई आतून ओरडायची, "ते नाही हो, त्याच्या खालचं!"

तर भाचा म्हणाला, "मामा, हे बटण म्हणजे खरा स्विच नाहीचे." ते मला माहीत होतं, कारण आधीचे पीसी मी वापरलेत. त्या जुन्या एटी पद्धतीच्या कॅबिनेटमध्ये 230 व्होल्टची जाड वायर थेट पुढच्या बटणापर्यंत यायची, खट् करून लागायचं, आणि शटडाऊन केलं की विंडोज 95 काळ्या स्क्रीनवर नारिंगी अक्षरांत सांगायचं की आता बंद करायला हरकत नाही, मग आपण उठून आपल्या हाताने बंद करायचं. इंटेलने 1995 मध्ये एटीएक्स ही नवी पद्धत आणली आणि ते गेलं. आता बटण दोन पिना क्षणभर जोडतं, मदरबोर्डला ते कळतं, तो एसएमपीएसला, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याला, कळवतो, त्याची मर्जी असेल तर फॅन फिरतो.

आधी एसएमपीएस तपासला. 24 पिनांचा कनेक्टर काढून त्यातली हिरवी वायर काळीला जोडायची, म्हणजे मदरबोर्डने कळवल्यासारखंच होतं, पण हल्ली सगळ्याच वायरी काळ्या, म्हणून क्लिपच्या बाजूने मोजत 16 नंबर गाठला. जोडायला आईची अंबाड्याची यू पिन, टोकांचा काळा रंग खरवडून. फॅन फिरला. मग सगळं परत लावून मदरबोर्डवरच्या पॉवरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि पीसी मुकाट चालू झाला. म्हणजे मेलं होतं ते कोऱ्या कॅबिनेटचं बटण, बाकी सगळं ठणठणीत.

भाच्याने कॅबिनेटच्या रिसेट बटणाची वायर काढून पॉवरच्या पिनांवर लावली. उलटसुलट कशीही लागते, लाइटच्या वायरीसारखा प्लस-मायनस बघावा लागत नाही. आता रिसेट दाबलं की पीसी लागतो आणि पॉवरचं मोठं चकचकीत बटण शोभेला. परवा शेजारचा मुलगा आला, त्याने अर्थात तेच दाबलं, आणि ताई किचनमधून आईच्याच पट्टीत, "ते नाही रे, खालचं!"

कॅबिनेट बदलून मिळेल म्हणतात, पण खोका लागेल, आणि खोका ताईने सोमवारीच रद्दीवाल्याला दिला.