कोल्हापूरला एका रविवारी: छळ सोसणाऱ्यांसाठी प्रार्थना आणि पत्रं

जगभर छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती मंडळींसाठी नोव्हेंबरातला पहिला किंवा दुसरा रविवार प्रार्थनेचा म्हणून पाळतात. कोल्हापूरच्या एका छोट्या मंडळीने यंदा उपासनेनंतर पत्रलेखनही ठेवलं होतं. त्यासाठी पुण्याहून आम्ही चौघं गेलो.

महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री उशिरा पुणं सोडते आणि सकाळी कोल्हापूरला पोचवते. दिवाळीच्या आगेमागे तिकीट मिळत नाही, तेव्हा लवकर काढा. आमचं आरएसी होतं, एका बाकावर दोघं बसून आलो. एसटी स्टँड स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. उतरल्या उतरल्या मिसळीचा मोह होतो, पण उपासना संपेपर्यंत आवरा. कटाचा झणका पोटात घेऊन दोन तास लाकडी बाकावर बसणं ही वेगळीच परीक्षा आहे. वेळ असेल तर वाइल्डर मेमोरियल चर्च पाहून या. ज्यांचं नाव त्याला दिलंय ते अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले.

उपासनेत पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या पास्टरांनी, आकडा सांगितला. ओपन डोअर्स ही संस्था छळ होणाऱ्या देशांची यादी काढते; तिच्या २०२५ च्या यादीप्रमाणे ३८ कोटींहून जास्त ख्रिस्ती लोक तीव्र छळ किंवा भेदभाव सोसतात, आणि यादीत पहिला उत्तर कोरिया आहे. पुढच्या बाकावरच्या एक आजी तिथल्या तिथे म्हणाल्या, "अडतीस कोटींसाठी काय मागायचं वो? एखाद्याचं नाव तरी सांगा की." लोक हसले, पण पाळकांनी लगेच वही उघडली.

नावं येण्याआधी एक गडबड झाली. मंडळीतल्या एका भावाने मोबाइलवरचा निरोप वाचून दाखवला: अफगाणिस्तानात २२ मिशनऱ्यांना उद्या मारणार, हे तातडीने पुढे पाठवा. दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याकडे हा निरोप वर्षानुवर्षं येतोय, आणि दर वेळी तो 'उद्या'चाच असतो. असं काहीसं एकदा घडलंय, पण फार पूर्वी: जुलै २००७ मध्ये तालिबानने २३ दक्षिण कोरियन स्वयंसेवकांना खरंच ओलीस धरलं होतं. दोघांना मारलं, बाकीचे ऑगस्ट संपेपर्यंत सुटले. वाचणाऱ्याला सगळ्यांसमोर टोकणं अवघड होतं, तरी टोकलं. तो थोडा रागावला. जेवणाच्या पंगतीत मात्र त्यानेच माझ्या वाटीत पांढरा रस्सा वाढला. असा निरोप आला की आधी तारीख, गावाचं नाव आणि कुणी पाठवला ते शोधा. सापडलं नाही तर तिथेच थांबवा.

दुपारी सतरंज्या अंथरल्या. पाळकांनी वहीतून एरिट्रिया या आफ्रिकेतल्या देशाची गोष्ट काढली. तिथल्या सरकारने मे २००२ मध्ये ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, लुथरन आणि सुन्नी इस्लाम एवढेच पंथ मान्य ठेवले, बाकीच्यांना बंदी केली. हैले नायझगी आणि किफ्लू गेब्रेमेस्केल हे दोन पाळक मे २००४ मध्ये उचलले गेले. त्यांच्यावर आरोपपत्र नाही, खटला नाही. त्यांच्या हातात पत्र पडेल याची खात्री नसते, म्हणून आम्ही एरिट्रियाच्या दिल्लीतल्या दूतावासाला लिहिलं.

पत्र कसं लिहायचं ते सांगतो, कारण माझी पहिली दोन फुकट गेली. मी राजवटीवर टीकेचे दोन परिच्छेद ठोकले होते. पाळकांनी शांतपणे कागद परत केला. पाच-सहा ओळी पुरतात: कैद्याचं पूर्ण नाव, कधीपासून कैदेत आहे, आणि सोडावं अशी नम्र विनंती. शिव्या नाहीत, राजकारण नाही, उपदेश नाही. थेट कैद्याला लिहायचं असेल तर फक्त धीर द्या. पैशांचा किंवा कुठल्या संस्थेचा उल्लेख आला तर तो त्याच्याच अंगावर शेकू शकतो. घरचा पत्ताही देऊ नका.

दानाबद्दल थोडंसंच. चित्रफीत पाहून गहिवरल्यावर त्याच क्षणी क्यूआर कोड स्कॅन करू नका. पावती मागा, हिशेब मागा. नुकत्याच ख्रिस्ती विश्वासात आलेल्या माणसाचा चेहरा आणि गाव छापणाऱ्यांना तर मी एक रुपया देत नाही.

आजींना लिहिताना हात कापतो, म्हणून त्या सांगत होत्या आणि मी लिहीत होतो. 'गेब्रेमेस्केल' त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं, चौथ्यांदा नीट जमलं. मग मला २०१५ मधल्या लिबियातल्या २१ जणांची आठवण झाली. २० इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती मजूर, एक घानाचा, समुद्रकिनाऱ्यावर मारलेले. आजींनी विचारलं, "घानावाल्याचं नाव काय?" मॅथ्यू आयारिगा, मी सांगितलं. "मत्तय म्हणा की," म्हणत त्यांनी ते शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, कोऱ्या पानावर स्वतःच लिहायला घेतलं. कापऱ्या हाताने, बराच वेळ.

रविवारी पोस्ट बंद, म्हणून १९ पाकिटं माझ्या पिशवीत आली. तिकिटं आणि पाकिटं शनिवारीच घेऊन ठेवा, आम्ही ऐन वेळी घराघरांतून गोळा केली. मंगळवारी सकाळी आजींचा फोन आला, "पडली का पेटीत?"

पडली नव्हती. चप्पल घातली आणि निघालो.