ट्यूबचा तुकडा

विळदचा घाट लागेपर्यंत माझं जपमाळेत लक्ष नव्हतं, नुसती पावलं मोजत होतो. जुनी खोड. पुढे आमच्या मंडळाचा टेम्पो, त्यावर झेंडूच्या माळांत मतमाउली, म्हणजे मरियामाता, आणि तिच्या डोक्यावर एक भोंगा. आवाज जरा कमी करा म्हणून मी दोनदा सांगून पाहिलं. पोरं 'हो काका' म्हणाली आणि आणखी वाढवला. खारे कर्जुनेच्या लष्करी रेंजवर धडाका झाला तेव्हा बाया दचकल्या. मला मात्र त्या गोंगाटात तोच एक आवाज ओळखीचा वाटला.

तसा मी प्रॉटेस्टंट. नगरला रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या ख्रिस्ती अभंगांवर वाढलेला. मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची म्हटलं की हात अडतो. हरेगावची मतमाउलीची यात्रा बायकोची. ती श्रीरामपूरकडची, कॅथलिक. १९९३ साली मी सियाचेनला होतो तेव्हा तिनं नवस बोलला, हा परत आला तर नगरपासून चालत येईन. मी आलो. ती सतरा वर्षं चालली, मग गुडघ्यांनी दगा दिला. गेल्या वर्षी तीच गेली. तिच्या कपाटातली जपमाळ खिशात घालून निघालो तर पाळकसाहेब म्हणाले, "तुम्हीसुद्धा?" म्हटलं, "बदली ड्यूटी आहे साहेब."

पहिला मुक्काम शाळेत. जेवणं झाली आणि साक्षी सुरू झाल्या. एकाचा ट्रॅक्टर उलटला, त्याला खरचटलंही नाही. एकीचं घरकुल मंजूर झालं. प्रत्येकाच्या मागे हल्लेलूया. मग माइक माझ्यापुढे. "फौजी काका, तुम्हाला तर प्रभूनं बर्फातून वाचवून आणलं! करा उपकारस्तुती!" घसा बसलाय म्हणालो आणि माइक परत दिला. घसा ठणठणीत होता.

चौकीवर माझ्या जोडीला एकजण होता, सांगलीकडचा. नाव लिहीत नाही, त्याच्या घरी माणसं आहेत. माझ्या बुटात ओल गेली, डाव्या पायाची दोन बोटं मेणासारखी पांढरी पडली. त्या रात्री त्यानं माझा उघडा पाय स्वतःच्या बनियनखाली, पोटाशी धरून ठेवला. मी झोपू नये म्हणून पहाटेपर्यंत शिव्या घातल्या, एकसुद्धा शिवी पुन्हा न वापरता. बोटं गेली, पाय राहिला. मला हेलिकॉप्टरनं खाली आणलं. अकरा दिवसांनी तो बर्फाच्या फटीत गेला.

त्याच्या आईनंही कुठेतरी काहीतरी बोललं असेलच ना. देवानं मला वाचवलं असं माइकवर म्हणायचं, तर त्याचं काय केलं म्हणायचं? स्तोत्र १०३ मला पाठ आहे. उपकार विसरलेलो नाही. ते मांडायचे कोणाच्या खात्यावर, तिथे अडतं.

आणि एक राहून गेलेलं. वर चढण्याआधी बेस कॅम्पला ओपी बाबांच्या, म्हणजे तिथे जवानांचा राखणदार मानल्या जाणाऱ्या एका सैनिकाच्या, मंदिरात रिपोर्ट द्यायची रीत. हिंदू, शीख, मुसलमान, मी, सगळेच. सावधान उभं राहायचं, किती माणसं जातोय ते सांगायचं. परत आलं की पुन्हा. तिथे माझा हात कधी अडला नव्हता. पण उतरताना मी स्ट्रेचरवर होतो. परतीचा रिपोर्ट झालाच नाही.

दुसरा दिवस सगळा एकात एक मिसळलाय. देहरे, वांबोरी फाटा, कृषी विद्यापीठ, खड्डे, ट्रक, कोणीतरी दिलेली केळी. पाऊस येऊन गेला आणि त्यावर ऊन. राहुरी फॅक्टरीच्या अलीकडे डावा पाय बोलायला लागला. बुटाचं पुढचं टोक रिकामं, त्यात मी कापूस भरतो. कापूस भिजून गोळा झाला, चामडं दुमडून आत घुसायला लागलं. मंडळ पुढे गेलं. भोंगा लांब गेला याचं, खरं सांगतो, बरंच वाटलं.

लिंबाखाली पंक्चरचं दुकान होतं. चार पत्रे, एक कॉम्प्रेसर, गढूळ पाण्याचं घमेलं. म्हाताऱ्यानं काही न विचारता एक टायर माझ्याकडे सरकवलं. बसलो, बूट काढला, मोजा सोलला. फोड फुटला होता. माझा पाय बघून लोक नजर वळवतात. यानं पंक्चर शोधावं तसा तो फिरवून फिरवून बघितला.

"बोटं कुठं गेली?"

"बर्फात ऱ्हायली."

"बुटात काय भरता मग?"

"कापूस."

"कापूस दबतो हो," तो जरा रागानंच म्हणाला.

घमेल्यातलं नाही, प्यायच्या माठातलं पाणी आणून त्यानं पाय धुतला. फोडावर स्वच्छ धडपा बांधला. मग ट्रॅक्टरची जुनी ट्यूब ओढली, अंगठ्यानं माप घेतलं, कात्रीनं दोन तुकडे कापले, एकावर एक चिकटवले. कड कानशीनं घासायची, स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून बघायची, पुन्हा घासायची. असं चारपाच वेळा. मध्ये हवा भरायला ट्रकवाला आला, त्याला म्हणाला, "थांब, गिऱ्हाईक हाय."

"कुठं निघालात?"

"हरेगावला."

"मतमाउलीला. काय मागायचंय?"

"मागायचं नाही. आभार मानायचेत."

"कुणाचे?"

मला उत्तर सुचेना. त्यालाही नको होतं बहुधा. बुटात तुकडा बसवण्यात त्याचं डोकं होतं. पैसे काढले तर हातानंच नको म्हणाला. "येताना सांगून जा, नीट बसलं का ते. मापात चुकलं आसंल तर दुसरा कापतो."

प्रवरेचा पूल, बेलापूर, श्रीरामपूर. हरेगावात चिखल आणि माणसंच माणसं, मिस्साचा शब्द कळेना. दोन तास रांगेत उभा राहिलो, मेणबत्ती लावली. हात थोडा अडलाच. प्रार्थना सुचली नाही. बायकोचं नाव घेतलं, तिच्या वतीनं हजर एवढंच म्हटलं. मागच्या बाईनं कोपर मारलं, सरकलो. जपमाळ पायाशी ठेवायचं ठरवून आलो होतो, ती खिशातच राहिली.

परतीला श्रीरामपूरहून नगरची एसटी धरली आणि राहुरी फॅक्टरीला उतरलो. तिकीट नगरचं होतं, कंडक्टर बघतच राहिला. तिथून दुकानापर्यंत चालत गेलो. म्हातारा भाकरी खात होता. त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं, टाचा जुळलेल्या आहेत.

"जाऊन आलो," मी म्हणालो.

त्यानं आधी बुटाकडे बघितलं. "दाबतंय का?"

"नाही."

"मग बसा. पोरगं चहा आणतंय."