गोळ्यांचा डबा पडशीत, बाकी सगळं ट्रकात

दिंडीचा सामानाचा ट्रक सकाळीच मुक्काम सोडतो. तंबू, अंथरुणं, भांडी, प्रत्येकाची पिशवी घेऊन तो पुढे जातो आणि संध्याकाळी तळावर भेटतो. कधी पाचला भेटतो, कधी रस्ता तुंबला तर रात्री दहाला. घरातलं दुखणं सोबत घेऊन वारी चालायची तर पहिला नियम या ट्रकापासून सुरू होतो: औषध ट्रकात जात नाही. ते पडशीत, अंगावर राहतं.

आम्ही तिघं माऊलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालतो. आईला जुना मधुमेह आणि गुडघेदुखी, धाकट्या भावाला बायपोलरचा, म्हणजे मन कधी फार चढतं तर कधी फार खचतं असा आजार, आणि दोघांवर लक्ष ठेवायला मी. सुमारे अडीचशे किलोमीटर, अठरा-वीस दिवस. पाय तर चालून चालून तयार होतात; जास्त तयारी लागते ती औषधांच्या वेळांची आणि झोपेची.

निघण्याच्या दीड महिना आधी दोन्ही डॉक्टरांकडे जाऊन नेमके प्रश्न विचारायचे. ‘वारीला जाऊ का’ एवढंच विचारलं तर ‘जपून जा’ एवढंच उत्तर मिळतं. चालण्याच्या दिवशी इन्सुलिन किती? उपवासाच्या दिवशी किती? उलट्या-जुलाब लागले तर कोणती गोळी थांबवायची आणि कोणती कधीच नाही? उत्तरं कागदावर लिहून घ्यायची. औषधांची नावं कंपनीची नकोत, मूळ औषधाची हवीत, म्हणजे वाटेतल्या कुठल्याही आरोग्य पथकाला ती कळतात. वीस दिवसांच्या गोळ्या आणि वर पाच दिवसांच्या, दोन भाग करून दोघांच्या पडशीत. एक पडशी हरवली तरी दुसरी असते.

गोळ्यांच्या वेळा आम्ही दिंडीच्या दिनक्रमाला बांधतो. सकाळची गोळी काकडा आणि चहानंतर, दुपारची जेवणाच्या विसाव्याला. रात्रीची गोळी मात्र समाजआरतीला, म्हणजे तळावर सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीला, बांधू नये. पालखी तळावर कधी पोचेल ते गर्दीवर असतं, आरती दोन-दोन तास मागेपुढे होते. रात्रीचा गजर मोबाइलवर लावायचा आणि वाजला की असेल तिथे उभं राहून गोळी घ्यायची. नैराश्याच्या काही गोळ्या तर दोन-तीन दिवस चुकल्या की चक्कर येते, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं, चिडचिड होते. लोकांना वाटतं ऊन लागलं.

सगळ्यात अवघड दिवस पुणे ते सासवड. पल्ला तीस किलोमीटरच्या पुढे, वर दिवे घाट, आणि पालखीचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीचं असल्यामुळे बहुतेक वर्षी याच दिवशी एकादशी येते. म्हणजे सर्वांत लांब चाल, चढ आणि उपवास एकत्र. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्याची साखर इथे सहज खाली येऊ शकते. चालताना स्नायू साखर ओढतात, पोटात काही नसतं आणि औषध आपलं काम करतच राहतं. आई हा उपवास धरत नाही. वारीला निघण्याआधीच घरी हे बोलून ठरलेलं असतं, घाटाच्या पायथ्याशी वाद नको म्हणून. ज्यांना धरायचाच आहे त्यांनी डोस आधी डॉक्टरांकडून कमी करून घ्यावा आणि नुसत्या साबुदाण्यावर राहू नये. राजगिरा, शेंगदाणे, दही दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं पोटात जावं.

घाटाआधी आणि घाटानंतर साखर तपासायची. इथे एक चूक सर्रास होते. वाटेत कुणी केळं हातावर ठेवतं, कुणी पेढा. त्याच बोटाला सुई टोचली की यंत्र अडीचशे दाखवतं, माणूस घाबरून जादा इन्सुलिन घेतो. बोट साध्या पाण्याने धुऊन, नीट कोरडं करून पुन्हा तपासलं की तीच साखर एकशे तीस निघते. पट्ट्यांची डबी लगेच घट्ट बंद करावी, पावसाळी दमटपणाने पट्ट्या बिघडतात. साखर ७०च्या खाली असेल, किंवा घाम, थरथर, अकारण राग दिसला, तर तीन-चार चहाचे चमचे ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, न चढल्यास पुन्हा द्यायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८ला फोन करायचा. आणि धोका मुक्कामाला संपत नाही. लांब चालीनंतर साखर रात्रीही उतरते, म्हणून सासवडला झोपण्याआधी एकदा तपासणी होतेच.

इन्सुलिनसाठी छोटं मातीचं बोळकं, त्यात कुपी, बाहेरून ओलं फडकं. बर्फात थेट ठेवू नये, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. उघडलेली कुपी तीस अंशांच्या आत साधारण अठ्ठावीस दिवस चालते, तेव्हा प्रस्थानाला नवी उघडली की पंढरपूरपर्यंत पुरते. चालण्याआधीची सुई मांडीत घेऊ नये, पोटावर घ्यावी. चालत्या पायातून औषध लवकर भिनतं.

पायांचं थोडक्यात. मधुमेह असलेल्याने अनवाणी चालू नये, नवस असला तरी. बधिर तळव्याला खडा रुतलेला कळत नाही. रोज संध्याकाळी दुसऱ्याने टॉर्च घेऊन तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या, कोरड्या करायच्या. फोड फोडायचा नाही. गुडघेदुखीला काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. हात सैल सोडल्यावर मनगट येतं तेवढी तिची उंची.

आता लिथियम, भावाचं बायपोलरवरचं औषध. हे मी जरा सविस्तर सांगते, कारण वाटेत याबद्दल फार कमी लोकांना माहिती असते. लिथियमची रक्तातली पातळी थोडी कमी झाली तर उपयोग नाही, थोडी वाढली तर विषबाधा. घाम गेला, पाणी कमी पडलं, जुलाब झाले की ती वाढते. आणि वारीत प्रत्येकाचं अंग दुखत असतं, मोफत उपचार केंद्रावर अंगदुखीची गोळी किंवा इंजेक्शन सहज मिळतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनाक या गोळ्यांनी मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडणं मंदावतं आणि पातळी आणखी चढते. देणाऱ्याची यात चूक नसते, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून भावाच्या खिशात प्लॅस्टिकमध्ये एक चिठ्ठी असते: ‘लिथियम चालू आहे. दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल.’ निघण्याआधी रक्तातली पातळी तपासायची, शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. पाणी तहान लागायची वाट न पाहता घोट घोट. मीठ एकदम सोडू नये, एकदम वाढवूही नये. हात जास्त थरथरणं, पाय लटपटणं, जीभ जड होणं, उलट्या-जुलाब, यातलं काही दिसलं तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन, आणि फोन लागला नाही तर थेट रुग्णालय. मनाच्या आजाराच्या इतर काही गोळ्यांनीही, विशेषतः त्यांच्यासोबत दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलने, घाम कमी येतो आणि अंग तापतं. जेजुरीपासून पुढे पावसाने ओढ दिली असेल तर अशा माणसाने दुपारचे दोन तास सावलीतच काढावेत.

जुलाबासाठी ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटरमध्येच कालवायचं. पेल्याभर पाण्यात अख्खं पाकीट टाकलं तर मीठ जास्त होतं आणि जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मधुमेहातही जुलाबाला ओआरएस टाळू नये.

झोपेचं गणित औषधाइतकंच कडक. रात्री कीर्तन, पहाटे काकडा, मधे तंबूशेजारी पाण्याच्या टँकरचा आवाज. साध्या माणसाचं काही दिवस चार तास झोपेवर कसंबसं भागतं, बायपोलरमध्ये तेवढ्याने उन्माद सुरू होऊ शकतो. भाऊ कीर्तनाला बसला तर काकड्याला उठत नाही, आणि काकड्याला उठायचं तर नऊला आडवा. दिंडीत वीणा धरणाऱ्या विणेकरीबुवांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं असतं. लपवलं की लोक आळशी म्हणतात आणि माणूस लाजेने जागतो.

वारीत भान हरपणं सगळ्यांचंच होतं, मग आजार ओळखायचा कसा? मी एकच बघते: नाचून झाल्यावर भूक आणि झोप लागते का. रिंगणात तास-तास नाचलेला वारकरी तळावर भाकरी खाऊन घोरतो. आजार चढत असेल तर तीन तास झोपूनही माणूस ताजातवाना उठतो, बोलणं धावायला लागतं, पैसे वाटले जातात, विठ्ठलाने फक्त आपल्यालाच निरोप दिलाय असं वाटू लागतं. दोन रात्री असं दिसलं तर चालणं थांबवून डॉक्टरांशी बोलायचं. फलटणहून, नातेपुत्याहून एसटीने घरी परतता येतं. वारी मोडली असं कुणी म्हटलं तर म्हणू द्यावं. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

‘पांडुरंगावर भार टाका आणि गोळ्या सोडा माऊली’, असं प्रेमाने सांगणारे रोज भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नये. आई म्हणते, ‘भार टाकलाय माऊली, गोळीही त्याच्याच नावाने घेतो,’ आणि पाया पडून पुढे निघते.

विसरभोळ्या वृद्धाला नेत असाल तर नाव, दिंडी क्रमांक आणि दोन मोबाइल क्रमांक कपड्याच्या आतल्या बाजूला शिवून टाकावेत. गळ्यातली चिठ्ठी ते काढून टाकतात. समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात आणि हरवलं-सापडलं पुकारलं जातं. त्या शांततेत लक्ष देऊन ऐकावं. गर्दीत छाती धडधडायला लागणाऱ्याने रिंगण कडेने बघावं. श्वास चार मोजून आत, सहा मोजून बाहेर, आणि सोबतच्याने हात धरून फक्त आकडे मोजावेत, समजूत घालत बसू नये.

सांभाळणाऱ्यालाही दिवसाचा एक टप्पा एकट्याने चालू द्यावा. सकाळच्या विसाव्यापर्यंत आई माझ्याबरोबर, पुढे भावाबरोबर. त्या दोन-तीन तासांत मी कुणाचंच पाणी, गोळी, चप्पल बघत नाही. नुसती टाळकऱ्यांच्या मागे चालते.

पंढरपुरात एकादशीला पदस्पर्शाच्या रांगेत बारा-पंधरा तास उभं राहणं आईला झेपत नाही. चंद्रभागेचं पाणी डोक्याला लावून, नामदेव पायरीला नमस्कार करून आणि कळसाचं दर्शन घेऊन तिची वारी पूर्ण होते. पिढ्यान्‌पिढ्या असंख्य वारकऱ्यांची अशीच झालेली आहे.

परतल्यावरचा आठवडा आधीच आखून ठेवायचा. वीस दिवस माणसांत राहून घरी आलं की घर रितं वाटतं, आणि नैराश्याचा इतिहास असेल तर पाय नेमका तिथे घसरतो. डॉक्टरांची वेळ निघण्याआधीच घेतलेली असते, द्वादशीनंतर चार-पाच दिवसांची. इन्सुलिनचा डोस पुन्हा बसवावा लागतो, कारण चालणं थांबलेलं असतं. लिथियमची पातळीही पुन्हा बघायची. आणि रोज पहाटे अर्धा तास तिघांनी चालायचं, त्याच चपला घालून.